परवाना एका हयातीचा

परवान्याचे जुने रिव्हॉल्वर ही मराठी घरातल्या वारशाच्या वस्तूंमध्ये वेगळी पडणारी वस्तू आहे; तिची किंमत वारसांमध्ये वाटता येते, तिच्याशी जोडलेल्या आठवणीही वाटून घेता येतात, पण ती जवळ बाळगण्याची मुभा मात्र धारकाच्या मृत्यूबरोबर संपते. शेतजमीन सात-बारावरच्या फेरफाराने पुढे जाते, सदनिका गृहनिर्माण संस्थेच्या नोंदीतून पुढे जाते, दागिने तर कोणाला न विचारता आईच्या डब्यातून लेकीच्या डब्यात जातात. शस्त्राचा परवाना व्यक्तीला दिलेला असतो, घराण्याला दिलेला नसतो, आणि त्यामुळे प्रत्येक पिढीला तो नव्याने मागावा लागतो. शस्त्रधारक कुटुंबांत या व्यवस्थेबद्दल पुष्कळ कुरकुर असते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे, की ही व्यवस्था मुळातच योग्य आहे. अडचण उभी राहते ती कुटुंबे हस्तांतराचा विचार धारकाच्या तेराव्यानंतर सुरू करतात म्हणून, आणि शस्त्र सोपवणे म्हणजे कपाटाची किल्ली सोपवणे असे समजतात म्हणून.

लहान नळीची, एका हाताने चालवता येणारी जी अग्निशस्त्रे असतात त्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत: ज्यात काडतुसे फिरत्या सिलिंडरच्या घरांत बसतात ते रिव्हॉल्वर, आणि ज्यात ती मुठीत सरकवलेल्या मॅगझिनमध्ये एकावर एक रचलेली असतात ते पिस्तूल. मराठी मुलखात ही शस्त्रे आली ती इनामदार, वतनदार पाटील, पेढीवाले, मोठे कंत्राटदार आणि सैन्यातून निवृत्त झालेले अधिकारी यांच्या घरांत. शिकारीची बंदूक किंवा कोकणातल्या शेतकऱ्याची ठासणीची बंदूक ही कामाची वस्तू होती. तिच्यामागे रानडुकरांपासून वाचवायचे शेत होते. रिव्हॉल्वर मात्र पहिल्यापासून स्वसंरक्षण आणि प्रतिष्ठा या दोन कारणांसाठीच घेतले गेले, आणि बहुतेक घरांत ते स्वसंरक्षणासाठी एकदाही वापरले गेले नाही. भारतीय कायद्याने बोअर म्हणजे नळीचा आतील व्यास पाहून शस्त्रांची प्रतिबंधित आणि अप्रतिबंधित अशी विभागणी केली आहे; .३८, .४५५ आणि ९ मिलिमीटरची हातशस्त्रे प्रतिबंधित वर्गात गेल्यामुळे सामान्य नागरिकाच्या वाट्याला मुख्यतः .३२ आणि .२२ बोअर राहिले. १९८० च्या दशकात परदेशी शस्त्रांची खाजगी आयात थांबली, तेव्हापासून आधीच देशात असलेली वेब्ली, स्मिथ अँड वेसन, कोल्ट, वॉल्थर यांची शस्त्रे वाढेनाशी झाली आणि त्यांचा भाव मूळ किमतीच्या कित्येक पटींनी चढत गेला. कानपूरच्या सरकारी कारखान्याचे .३२ रिव्हॉल्वर बाजारात होते आणि आहे. वेब्लीचे नावही उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडीला येथे भारतीय भागीदारीतून पुन्हा उत्पादनात आले आहे. तरीही आजोबांच्या बर्मिंगहॅमच्या वेब्लीला घरात जे स्थान असते ते नव्या शस्त्राला मिळत नाही.

या स्थानामागे परवान्याचा इतिहासही आहे. लॉर्ड लिटनच्या काळातल्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे गुन्हा ठरवले आणि युरोपीयांना मात्र त्यातून मोकळे ठेवले. हा भेद अपमान म्हणूनच मनात रुतला. लंडनहून सावरकरांनी गुप्तपणे पाठवलेल्या वीस ब्राउनिंग पिस्तुलांपैकी एक २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ब्रिटिश जिल्हाधिकाऱ्यावर गोळ्या झाडणाऱ्या अनंत लक्ष्मण कान्हेरे यांच्या हातात होते, आणि त्या काळच्या तरुणांच्या कल्पनेत पिस्तुलाला जे वलय आले त्याचे एक मूळ या कायद्याने लादलेल्या निःशस्त्रतेत आहे. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत घातला गेला होता. संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी तोच धागा धरून दुरुस्ती सुचवली, पण डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही आणि सभेने ती फेटाळली. १९५९ चा शस्त्र कायदा या निर्णयाच्या पायावर उभा आहे: भारतात शस्त्र हा हक्क नाही, पात्रता पाहून दिलेली परवानगी आहे. स्वतंत्र देशाने हा मार्ग विचारपूर्वक पत्करला. म्हणूनच घराण्याच्या अभिमानापोटी शस्त्रावर जन्मसिद्ध अधिकार सांगणे त्या निर्णयाशी विसंगत ठरते, आणि परवाना मिळणे हा वशिल्याचा व मोठेपणाचा पुरावा मानण्याची जी सवय नंतर लागली ती तर वसाहतकाळाची उरलेली छाया आहे.

अभिमानाचा हा थर बाजूला केला, की खाली जे उरते ते खरोखर जपण्यासारखे आहे. वेब्लीचे .३२ बोअरचे मार्क फोर रिव्हॉल्वर समोर ठेवले तर त्याची रचना पाहताक्षणी समजते. घोड्याच्या, म्हणजे मागून काडतुसावर आपटणाऱ्या भागाच्या, बाजूला असलेली खटकी अंगठ्याने दाबली की नळी पुढच्या बिजागरीवर खाली झुकते, सिलिंडरची सहाही घरे एकदम उघडी पडतात आणि मधला चांदणीच्या आकाराचा उपसक वर येऊन रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलतो. चाप एकाच ओढीत दाबला तर तो घोडा मागे नेतो, सिलिंडर एक घर फिरवतो आणि घोडा सोडतो. हीच ओढ लांब आणि जड असते. घोडा आधी अंगठ्याने मागे घेतला तर चाप अगदी हलका होतो आणि नेम पुष्कळ स्थिर बसतो. नळीवर आणि चौकटीवर बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे मुकुटाचे ठसे असतात, म्हणजे या शस्त्रात नेहमीपेक्षा जादा दाबाचे काडतूस उडवून ते फुटत नाही हे तपासले गेले असल्याची ती खूण असते. कमरेच्या चामडी म्यानात वर्षानुवर्षे घासून नळीच्या टोकाचा निळसर काळा मुलामा उडून तिथे करडे पोलाद दिसते, मुठीच्या पट्ट्यांवरची जाळी अंगठ्याखालच्या जागी गुळगुळीत झालेली असते. ज्याला यंत्राची आवड आहे त्याला या रचनेचा आनंद गोळी न झाडताही घेता येतो, आणि हा आनंद निरोगी आहे, त्याबद्दल कोणी संकोच बाळगण्याचे कारण नाही. शस्त्राची आवड म्हणजे हिंसेची आवड हे समीकरण घाईने मांडले जाते. ज्याने असे शस्त्र नीट हाताळले आहे त्याला ते चालवण्याची उत्सुकता कमी आणि ते सुस्थितीत राहील की नाही याची काळजी जास्त असते.

ही काळजी माहुलसारख्या ठिकाणी अधिकच करावी लागते. मुंबईत चेंबूरच्या पलीकडे खाडीकाठी वसलेले हे कोळी-आगरी गाव आता दोन तेलशुद्धीकरण कारखाने, साठवणुकीच्या टाक्या आणि तानसा जलवाहिनीलगतच्या विस्थापितांसाठी उभारलेल्या उंच इमारतींनी वेढलेले आहे. एका बाजूने खाडीची खारी, दमट हवा आणि दुसऱ्या बाजूने इंधनाच्या प्रक्रियेतून येणारे गंधकयुक्त वायू, ज्यांची तक्रार रहिवाशांनी राष्ट्रीय हरित लवादापर्यंत नेली, या दोन्ही गोष्टी पोलादाच्या शत्रू आहेत. आर्द्रतेत विरघळलेले मीठ आणि गंधकाची संयुगे मुलाम्याच्या सूक्ष्म भेगांतून आत शिरतात आणि गंज आधी नळीच्या आत, डोळ्यांआड धरतो. अशा हवेत पावसाळ्याचे चार महिने शस्त्र चामडी म्यानात ठेवणे ही सर्वांत मोठी चूक आहे, कारण चामडे ओलावा धरून ठेवते आणि ते कमावताना वापरलेली द्रव्ये धातूला खातात. म्यान वेगळे, शस्त्र वेगळे, काडतुसे तिसऱ्याच कुलुपात. शस्त्रावर तेलाचा पातळ हात, सोबत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, आणि बोटांचा घाम लागलेला प्रत्येक भाग पुन्हा ठेवण्यापूर्वी पुसलेला: एवढे नियम पाळले तर शंभर वर्षांचे पोलादही टिकते. पण हे नियम कोणत्याही परवान्यावर छापलेले नसतात. ते एका हाताने दुसऱ्या हाताला शिकवावे लागतात, आणि वारसा म्हणून पुढे द्यायचे ते मुख्यतः हेच असते.

मराठी घरांत या शिकवणुकीला एक तयार दिवस आहे. नवरात्रातली नवमी म्हणजे खंडेनवमी. त्या दिवशी घरातली शस्त्रे, अवजारे, यंत्रे काढून, स्वच्छ करून पुजली जातात, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याला सीमोल्लंघन होते. या प्रथेचा धार्मिक अर्थ ज्याला जसा घ्यायचा तसा त्याने घ्यावा, पण तिच्यात दडलेली तपासणी मोलाची आहे. पावसाळा संपताच वर्षातून एकदा शस्त्र बाहेर काढायचे, ते रिकामे आहे याची खात्री घरातल्या दोन माणसांनी आपापल्या डोळ्यांनी करायची, नळीतून उजेडाकडे पाहून आतले पिळदार आटे स्वच्छ चमकतात की काळवंडले आहेत हे बघायचे, क्रमांक परवान्यावरच्या क्रमांकाशी ताडायचा, आणि मग हळदकुंकू. दुर्दैवाने अनेक घरांत आता हळदकुंकवाचा भागच तेवढा उरला आहे, आणि तोही मोबाइलवर छायाचित्र टिपण्यापुरता. त्या छायाचित्रात लहान मुलाच्या हातात रिव्हॉल्वर दिलेले असते. एकवीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वी परवाना मिळत नाही, आणि ज्याला परवाना मिळू शकत नाही त्याच्या हाती शस्त्र देणे कायद्याने चूक तर आहेच, पण त्याहून मोठी चूक ही की मुलाला शस्त्राची पहिली ओळख मिरवण्याची वस्तू म्हणून होते.

हाताळण्याच्या शिक्षणाला घराबाहेरही जागा हवी. १८९६ च्या सुमारास स्मिथ अँड वेसनने आणलेले .३२ लाँग हे काडतूस आजही सेंटर-फायर पिस्तूल या आंतरराष्ट्रीय नेमबाजी प्रकारात वापरले जाते, म्हणजे आजोबांच्या रिव्हॉल्वरचे काडतूस आणि स्पर्धेतल्या आधुनिक पिस्तुलाचे काडतूस मुळात एकच आहे. महाराष्ट्रात नेमबाजीची परंपरा बळकट आहे: कोल्हापूरची राही सरनोबत हिने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले, आणि त्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफलीत कांस्यपदक मिळवले. ज्या वारसाला शस्त्र घ्यायचे आहे त्याने प्रशिक्षकाच्या नजरेखाली काही महिने रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, घालवावेत, ही अपेक्षा अवाजवी नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनी सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण परवान्याशी जोडले आहे; ते प्रमाणपत्र कागदापुरते मिळवण्याची जी पळवाट काढली जाते ती कुटुंबाने स्वतःच बंद करावी.

कारण जुने शस्त्र प्रेमळ आठवणींनी भरलेले असले तरी त्याच्या सिलिंडरमध्ये काडतुसेही असू शकतात. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे जुहू येथे अभिनेते गोविंदा यांच्या परवान्याच्या रिव्हॉल्वरमधून, ते कपाटात ठेवले जात असताना, गोळी सुटली आणि त्यांच्या पायात घुसली. जुन्या अनेक रिव्हॉल्वरांत, शस्त्र हातातून पडले तर घोडा काडतुसापासून दूर अडवून धरणारी यंत्रणा नसते किंवा झिजून निकामी झालेली असते. म्हणून घोड्याखालचे घर रिकामे ठेवण्याची जुनी शिस्त होती, आणि घरात ठेवताना तर सगळीच घरे रिकामी ठेवणे हा एकच शहाणपणाचा नियम आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत बोरिवली-दहिसर भागात एका माजी नगरसेवकाची हत्या झाली तेव्हा वापरलेले पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचे असल्याचे पोलीस तपासात पुढे आले. पहिल्या घटनेत शस्त्र योग्य हातात होते आणि शिस्त अपुरी पडली. दुसऱ्या घटनेत शस्त्र ज्या हातात पोहोचले तो हात परवान्यावर नव्हता. परवाना व्यक्तीशी बांधलेला का असावा, याचे याहून स्पष्ट उत्तर शोधण्याची गरज नाही.

आता कायदा नेमके काय सांगतो ते पाहणे आवश्यक आहे, कारण याबाबतचे गैरसमज फार पसरलेले आहेत. धारकाचा मृत्यू झाला की वारसाने शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचे असते; शस्त्र कायद्याचे कलम २१ हे सांगते, आणि ठरलेल्या मुदतीत ते सोडवून घेतले नाही किंवा त्याची विल्हेवाट लावली नाही तर ते सरकारजमा होऊ शकते. वडिलांचेच तर आहे, म्हणून ते तसेच तिजोरीत ठेवणारा मुलगा विनापरवाना शस्त्र बाळगण्याचा गुन्हा करत असतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान दोन वर्षांची कैद आहे. याच दुरुस्तीने एका व्यक्तीकडे असू शकणाऱ्या शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली, वारशाने येणाऱ्या शस्त्रालाही या मर्यादेतून सूट ठेवली नाही, आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली. परवाना राष्ट्रीय माहितीसंचात नोंदला जाऊन त्याला एक विशिष्ट ओळख क्रमांक मिळतो. ज्या घरातला परवाना जुन्या पुस्तिकेतच राहिला आणि या क्रमांकाशिवाय पडून आहे, तिथे धारक हयात असतानाच अडचण सुरू झालेली असते.

पण या सर्वांपेक्षा महत्त्वाची तरतूद २०१६ च्या नियमांतल्या पंचविसाव्या नियमात आहे. धारकाच्या मृत्यूनंतर वारसाला परवाना देण्याची सोय त्यात आहेच. त्याचबरोबर धारकाने वयाची सत्तर वर्षे पूर्ण केली असतील किंवा ते शस्त्र पंचवीस वर्षे बाळगले असेल, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, त्याने स्वतः निवडलेल्या कायदेशीर वारसाला तो हयात असतानाच परवाना दिला जाऊ शकतो. वारसाची पात्रता, त्याची पोलीस चौकशी, वय आणि मानसिक आरोग्याच्या अटी यांतून सुटका मात्र नाही, आणि नसावीच. या नियमाचे मोल असे, की तो हस्तांतराला मृत्यूपासून सोडवतो. ज्याला शस्त्राची खोड माहीत आहे, कोणती खटकी सैल आहे, सिलिंडर कुठे अडखळतो, शेवटची काडतुसे कोणत्या वर्षी घेतली हे माहीत आहे, तो माणूस जिवंत असताना, त्याच्या शेजारी बसून नवा धारक ते शिकू शकतो. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणाला द्यायचे हा निर्णय ज्याने आयुष्यभर जबाबदारी वाहिली तोच घेतो. वाटणीच्या बैठकीत, भावाभावांच्या ताणाताणीत, वकिलाच्या टेबलावर तो निर्णय होत नाही.

माहुलच्या एखाद्या इमारतीत राहणाऱ्या कुटुंबाचा विचार केला तर हा फरक किती मोठा आहे हे कळते. समजा, आजोबा सातारा किंवा सांगली जिल्ह्यातल्या गावी आहेत, त्यांचा परवाना जिल्हादंडाधिकाऱ्यांनी दिलेला आहे, आणि नात किंवा नातू मुंबईत नोकरी करतो. वारसाचा अर्ज तो जिथे राहतो तिथल्या परवाना अधिकाऱ्याकडे, म्हणजे मुंबईत पोलीस आयुक्तांकडे, जातो. स्थानिक पोलीस ठाणे घरी येऊन चौकशी करते. इतर वारसांची ना हरकत प्रतिज्ञापत्रे लागतात. गावच्या नोंदीचा दाखला लागतो. आजोबा हयात असतील तर यातला प्रत्येक कागद त्यांच्या सहीने आणि त्यांच्या सांगण्याने मिळतो. ते गेल्यावर तोच नातू सुतक संपण्यापूर्वी शस्त्र जमा करायला धावतो, ते गावच्या ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत जप्तीच्या कोयत्यांशेजारी पडते, आणि दोन-तीन पावसाळे गेल्यावर परत मिळालेच तर नळीत गंजाचे खड्डे घेऊन मिळते. शिवाय मुंबईच्या लहान घराचा प्रश्न आहेच. तीनशे चौरस फुटांच्या खोलीत, जिथे कपाट एकच आणि त्याची किल्ली सर्वांना माहीत, तिथे भिंतीत पक्की बसवलेली लोखंडी पेटी आणि काडतुसांसाठी वेगळे कुलूप यांची सोय होत नसेल, तर त्या घरात शस्त्र आणू नये. मग ते कितीही लाडके असो. हे कठोर वाटेल, पण आजोबांच्या प्रशस्त वाड्यात जी सुरक्षितता जागेने आपोआप दिली होती ती शहरात माणसाला मुद्दाम उभी करावी लागते.

माहुलच्या कोळ्यांच्या होडीचे उदाहरण इथे लक्षात घेण्यासारखे आहे. होडीची मालकी बापाकडून मुलाकडे जाते, पण तांडेल, म्हणजे होडी चालवणारा आणि सगळ्या खलाशांच्या जिवाची जबाबदारी घेणारा, तोच होतो ज्याला भरती-ओहोटी, वारा आणि खडक यांचे ज्ञान आहे. मालकाचा मुलगा ते शिकला नसेल तर सुकाणू दुसऱ्या जाणत्याच्या हाती राहते आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. शस्त्राबाबतही वडीलधाऱ्यांनी असाच जाणता शोधावा. मोठा मुलगा म्हणून मोठा मुलगा, ही रीत इथे घातक आहे. रागीट, दारूच्या आहारी गेलेला, कर्जात बुडालेला किंवा मनाने खचलेला वारस कितीही जवळचा असला तरी त्याचे नाव सुचवू नये, आणि त्याला हे समोरासमोर सांगण्याचे धैर्य दाखवावे. मुलगी अधिक शांत, अधिक व्यवस्थित असेल तर शस्त्र तिलाच जावे. नियमांनी मुलगा आणि मुलगी यांत भेद केलेला नाही, भेद करते ते घर. राही सरनोबत आणि तिच्याआधी अंजली भागवत, तेजस्विनी सावंत यांनी जे दाखवून दिले आहे त्यानंतर मुलीच्या हाती शस्त्र शोभत नाही असे म्हणायला जागा उरलेली नाही.

इतर समाजांनी हा प्रश्न कसा सोडवला ते पाहिले तर दोन टोके दिसतात. ब्रिटनमध्ये मार्च १९९६ मध्ये डनब्लेन येथील शाळेत सोळा बालके आणि एक शिक्षिका गोळीबारात मारली गेली, आणि पुढच्याच वर्षी हातशस्त्रांवर जवळजवळ संपूर्ण बंदी आली; दीड लाखाहून अधिक हातशस्त्रे सरकारकडे जमा झाली, आणि ज्या बर्मिंगहॅममध्ये वेब्ली घडली तिथल्याच नागरिकाला आजोबांची वेब्ली घरात ठेवणे अशक्यप्राय झाले. तरीही त्या कायद्याने ऐतिहासिक मूल्याच्या शस्त्रांसाठी एक अरुंद वाट ठेवली: काही जुनी शस्त्रे काडतुसांशिवाय घरी, तर काही ठरवून दिलेल्या सुरक्षित स्थळी ठेवून तिथेच चालवता येतात. दुसरे टोक महाराष्ट्राच्या जवळचेच आहे. कर्नाटकातल्या कोडगू जिल्ह्यात कोडवा समाज आणि जम्मा नावाच्या परंपरागत जमीनधारणेचे वारस यांना ब्रिटिश काळापासून बंदुकीच्या परवान्यातून सूट आहे, आणि कैलपोळ्द या सणाला तिथे बंदुकांची पूजा होते. तिथे शस्त्राचा वारसा खरोखर घराण्याचा आहे. पण ती सूट तिथल्या त्या घराण्यांपुरतीच आहे, महाराष्ट्रातल्या घराण्याला खिशात मावणारे रिव्हॉल्वर तिच्या आधारावर मागता येणार नाही. महाराष्ट्राने ब्रिटनचे अनुकरण करण्याची गरज नाही, कारण इथे परवान्याचे जाळे आधीच घट्ट आहे आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनासारख्या प्रकरणांतली पिस्तुले तपासानुसार देशी बनावटीची होती. पण काडतुसांशिवाय बाळगण्याची ब्रिटिश कल्पना घेण्यासारखी आहे. ज्या वारसाला फक्त आठवण हवी आहे, त्याला काडतुसे न घेण्याच्या अटीवर परवाना दिला जावा; स्वसंरक्षणाची गरज सिद्ध करण्याचा जो खोटा आटापिटा अर्जात करावा लागतो तो त्यामुळे टळेल, आणि घरातल्या इतरांच्या जिवालाही धोका राहणार नाही.

किंमत हा या विषयातला सर्वांत अवघड भाग आहे. आयात थांबल्यामुळे जुने परदेशी रिव्हॉल्वर लाखोंत जाते, आणि मग ज्याला शस्त्रात काडीचाही रस नाही असा वारसही ते सोडायला तयार होत नाही. अशा वारसाने ते कायदेशीर मार्गाने पात्र परवानाधारकाला किंवा विक्रेत्याला विकून पैसे भावंडांत वाटून घ्यावेत. यात घराण्याचा अपमान नाही. मोलाची गोष्ट शस्त्राबरोबरची कागदपत्रे आहेत: पहिल्या खरेदीची पावती, जुन्या परवान्याची पुस्तिका जिच्या पानापानांवर दर तीन वर्षांनी कचेरीचा शिक्का बसलेला असतो, निवडणुकीच्या वेळी शस्त्र जमा केल्याच्या पोचपावत्या. या पोचपावत्यांतून पन्नास वर्षांच्या निवडणुका वाचता येतात. शस्त्र विकले तरी ही पुस्तिका घरात ठेवावी आणि तिच्यात शस्त्राचा क्रमांक, ते कोणी कोणासाठी घेतले, कधी वापरले, हे आजोबांच्या तोंडून ऐकून लिहून ठेवावे. शंभर वर्षांहून जुने शस्त्र १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेतही येऊ शकते, आणि तसे असेल तर अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलाला ते सामानात घालून नेता येत नाही. हे वेळीच सांगितले तर विमानतळावरचा प्रसंग टळतो. ज्यांना वारसच नाही त्यांनी आपल्या हयातीत शस्त्र विकावे किंवा सरकारजमा करावे, आणि त्याला काही ऐतिहासिक संदर्भ असेल तर संग्रहालयाकडे विचारणा करावी. सातारच्या संग्रहालयात जुलै २०२४ मध्ये लंडनहून आलेली वाघनखे पाहायला लोटलेली गर्दी सांगते, की महाराष्ट्राला जुनी शस्त्रे पाहण्याची ओढ आहे. विसाव्या शतकातल्या मराठी घरांतली परवान्याची शस्त्रे मात्र अजून कोणी इतिहासाचा ऐवज म्हणून गोळा केलेली नाहीत.

राज्याकडूनही एक साधी सुधारणा अपेक्षित आहे. परवान्याचे नूतनीकरण आता दर पाच वर्षांनी होते. साठी ओलांडलेल्या प्रत्येक धारकाला नूतनीकरणाच्या अर्जातच विचारावे, की पंचविसाव्या नियमाची माहिती आहे का, वारस निवडला आहे का, त्या वारसाने प्रशिक्षण घेतले आहे का, आणि वारस नसेल तर शस्त्राचे काय करायचे आहे. उत्तर बंधनकारक नसले तरी चालेल. प्रश्न समोर आला की त्या संध्याकाळी घरात बोलणे होईल, आणि सातारच्या वाड्यात बसलेल्या आजोबांना माहुलच्या नातीशी ज्या विषयावर कधीच बोलता आले नव्हते तो विषय ते प्रकृती ठणठणीत असतानाच काढतील.